बाह्य प्रारणपट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन: बाहेरून येतात की तिथेच घडतात?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

सौरवाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ईव्ही). पृथ्वीभोवतीच्या बाहेरच्या प्रारणपट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनची १० लाख ईव्ही, म्हणजे १ एमईव्ही, आणि काही भूचुंबकीय वादळांनंतर ७ एमईव्हीसुद्धा. ही लाखपट वाढ होते कुठे आणि करतं कोण, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे. "सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात" या वाक्यावर विषय संपवलेला अनेकदा दिसतो, आणि नेमका तिथेच तो सुरू होतो.

थोडी पूर्वपीठिका. १९५८ साली एक्सप्लोरर-१ वरची गायगर नळी ठरावीक उंचीवर गेली की गप्प व्हायची. जेम्स व्हॅन अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी ओळखलं, की कण इतके आदळतायत की नळीला मोजायला उसंतच मिळत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात पायोनियर-३ ने दोन वेगळे पट्टे दाखवले. आतल्या पट्ट्यातल्या प्रोटॉनचा उगम तुलनेने लवकर उलगडला. बाहेरच्या पट्ट्याबद्दलचा वाद २०१२ पर्यंत चालला.

पुढे 'एल' हा आकडा सारखा येईल. एखादी चुंबकीय बलरेषा विषुववृत्ताच्या पातळीत पृथ्वीच्या केंद्रापासून किती पृथ्वी-त्रिज्या लांब जाते, तो तिचा एल. बाहेरचा पट्टा साधारण एल ३ ते ७, सर्वांत दाट ४ ते ५ च्या आसपास. भूस्थिर कक्षा ६.६ वर. २ ते ३ च्या दरम्यानची मोकळी पट्टी म्हणजे 'स्लॉट'.

एल ५ वर १ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन एकाच वेळी तीन हालचाली करत असतो. बलरेषेभोवती गिरकी, एका फेरीला ०.४ मिलिसेकंद. उत्तर-दक्षिण हेलकावा, जवळपास अर्धा सेकंद. आणि पृथ्वीभोवती प्रदक्षिणा, सुमारे १३ मिनिटं. प्रत्येक हालचालीशी एक अचल राशी (क्षेत्र सावकाश बदललं तर कायम राहणारी संख्या) बांधलेली आहे. ज्या लहरीचा ताल ज्या हालचालीशी जुळतो, ती लहर तीच राशी मोडते. उगमाचा सगळा वाद यावरच उभा आहे: इलेक्ट्रॉनला मोठं करणारी लहर प्रदक्षिणेच्या तालाची, की गिरकीच्या?

सौरवाऱ्यातून तयार एमईव्ही इलेक्ट्रॉन थेट आत येत असतील, ही शक्यता सुरुवातीलाच बाद करू. दोन्हीकडची फेज स्पेस डेन्सिटी (ठरावीक जागी ठरावीक संवेगाचे कण किती दाट आहेत तो आकडा) ताडून पाहिली, तर सौरवाऱ्यातल्या उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा साठा पट्टा भरायला पुरत नाही.

निशिगंध

आतल्या पट्ट्यासारखंच इथेही वैश्विक किरणांचं काम नसेल का? वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, न्यूट्रॉन उसळतात, त्यांचा क्षय होतो. प्रोटॉन मिळतो तसा इलेक्ट्रॉनही मिळतोच की.

ध्रुवमत्स्य

मिळतो. २०१७ मध्ये एका क्यूबसॅटच्या मोजमापांतून आतल्या पट्ट्याच्या आतल्या कडेला असे इलेक्ट्रॉन स्पष्ट ओळखले गेले. पण न्यूट्रॉनच्या क्षयातून इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त ७८२ केईव्ही (१ केईव्ही म्हणजे हजार ईव्ही) मिळू शकतात. २ किंवा ५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन त्यातून निघूच शकत नाही. शिवाय हा झरा संथ आणि स्थिर आहे, आणि बाहेरचा पट्टा तर अर्ध्या दिवसात हजारपट होतो.

कातळ

जुन्या उत्तराची, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेरून आत सरकताना तापतात याची, बाजू आधी नीट मांडू द्या. ते उत्तर आजही अर्धं खरं आहे.

इलेक्ट्रॉन चुंबकावरणाच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अंमलाखालच्या प्रदेशाच्या) रात्रीकडच्या शेपटीतून आत सरकतो, तसं क्षेत्र वाढत जातं. पहिली अचल राशी, म्यू, टिकली तर संवेगाचा वर्ग क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. द्विध्रुवी क्षेत्र एलच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. आता भूस्थिर कक्षेतला १ एमईव्हीचा, बलरेषेला काटकोनात फिरणारा इलेक्ट्रॉन एल ४ वर आणा. क्षेत्र (६.६ ÷ ४) चा घन, म्हणजे सुमारे ४.५ पट. संवेगाचा वर्ग २.०२ होता, तो ९.०८ झाला (एमईव्ही-वर्ग, प्रकाशवेगाचा वर्ग धरून). स्थिर वस्तुमानाचे ०.५११ लक्षात घेऊन ऊर्जा काढली, तर येते २.५ एमईव्ही. वेगळी कुठलीही यंत्रणा न लावता अडीचपट.

आत ढकलणाऱ्या लहरी म्हणजे पीसी-५ प्रकारच्या अतिमंद लहरी, आवर्तकाल १५० ते ६०० सेकंद. भूस्थिर कक्षेत १ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनची प्रदक्षिणा सुमारे १० मिनिटांची, म्हणजे ताल जुळतो. वेगवान सौरवारा चुंबकावरणाच्या कडा घासत जातो तेव्हा या लहरी उठतात. सौरवाऱ्याचा वेग वाढल्यावर साधारण दोन दिवसांनी भूस्थिर कक्षेत एमईव्ही इलेक्ट्रॉन वाढतात, हा संबंध १९७९ पासून ठाऊक आहे.

ढकलण्याचा दर काढायला ब्राउटिगम आणि अल्बर्ट यांचं २००० सालचं सूत्र आजही वापरतात: १० चा घात (०.५०६ × केपी − ९.३२५), गुणिले एलचा दहावा घात, उत्तर प्रतिदिन (केपी म्हणजे भूचुंबकीय खळबळीचा निर्देशांक). केपी ३ असताना एल ६ वर ०.९४ येतं, एल ४ वर फक्त ०.०१६. केपी ६ झाला तर तेच ३१ आणि ०.५४. दहावा घात काय करतो बघा: शांत दिवसांत एल ६ वरची घडी दिवसाभरात विस्कटते, एल ४ वरची महिना-दोन महिने टिकते.

विदा_वेचक

कातळ यांचे आकडे बरोबर आहेत, आणि त्यातच अडचण दडलेली आहे. हे विसरण (डिफ्यूजन) आहे, आणि विसरण उतारावरूनच वाहतं. सगळे इलेक्ट्रॉन बाहेरून येत असतील, तर म्यू आणि दुसरी राशी स्थिर धरून काढलेली फेज स्पेस डेन्सिटी बाहेर जास्त, आत कमी अशीच दिसली पाहिजे. मधेच कुठे उंचवटा दिसला, तर माल तिथेच तयार होतोय.

इथे नेहमीची चूक होते ती अशी, की लोक ठरावीक ऊर्जेचा फ्लक्स (कणांचा ओघ) एलप्रमाणे आखतात आणि त्यातला उंचवटा दाखवतात. त्याला काही अर्थ नाही. एल ५ वर १ एमईव्ही म्हणजे म्यू सुमारे ८०० एमईव्ही प्रति गाउस, आणि एल ६.६ वर तीच ऊर्जा म्हणजे १८३५. तुम्ही दोन वेगळ्या गटांची तुलना करताय.

व्हॅन अ‍ॅलन प्रोब्स हे जुळे उपग्रह यासाठीच होते. ३० ऑगस्ट २०१२ ला उड्डाण. कक्षा सुमारे ६०० किमी ते ३०,५०० किमी. कल १० अंश. एका फेरीला नऊ तास. ८-९ ऑक्टोबर २०१२ च्या वादळात २ एमईव्हीच्या वरचे इलेक्ट्रॉन अर्ध्या दिवसात जवळपास हजारपट वाढले, आणि फेज स्पेस डेन्सिटीचा उंचवटा एल-स्टार ४.२ च्या आसपास, पट्ट्याच्या ऐन गाभ्यात, वाढत गेलेला दिसला. (वादळात क्षेत्र द्विध्रुवी राहत नाही. तेव्हा साध्या एलऐवजी तिसऱ्या राशीवरून काढलेला एल-स्टार घ्यायचा.) त्याच्या बाहेर घनता कमीच होती. बाहेरून वाहत आलेल्या मालाचा ढीग असा मधोमध लागत नाही.

कातळ

एक हरकत आहे. समजा बाहेरून भरपूर माल आला, पट्टा भरला, आणि मग मॅग्नेटोपॉज, म्हणजे चुंबकावरणाची सीमा, आत दाबली गेली. बाहेरच्या भागातले इलेक्ट्रॉन प्रदक्षिणा घालता घालता सीमेपलीकडे जाऊन नाहीसे झाले. उरलेला आकार उंचवट्याचाच दिसेल. म्हणजे उंचवटा हा निर्मितीचा पुरावा असेलच असं नाही.

विदा_वेचक

हरकत रास्त आहे, आणि २०१२ च्या आधी वाद याच मुद्द्यावर अडला होता. एका उपग्रहाला एल ४ वरून पुन्हा एल ४ वर यायला कित्येक तास लागतात. मधल्या वेळात घनता आधी बाहेर वाढून मग घटली का, ते त्याला कळत नाही.

जुळे उपग्रह इथे कामी आले. एकाच कक्षेत मागे-पुढे असल्याने एकाच जागेवरून थोड्या अंतराने दोनदा मोजमाप मिळतं. कसोटी अशी: बाहेरची घट उंचवटा घडवत असेल, तर माथा चढत नाही, फक्त बाजू खचते. ९ ऑक्टोबरला माथा फेरीगणिक चढत गेला, आणि तो चढताना बाहेरच्या कडेची घनता कधीच त्याच्यापेक्षा जास्त नव्हती.

अनुराधा_नक्षत्र

आता घडवतं कोण, ते बघू. उत्तर आहे कोरस लहरी, म्हणजे चुंबकावरणातच उठणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी. हे नाव त्यांच्या आवाजावरून पडलं: रेडिओ-संकेत थेट ध्वनिक्षेपकाला जोडला, तर पहाटे झाडावर पाखरांचा थवा जागा व्हावा तशी किलबिल ऐकू येते. एकेक सूर सेकंदाच्या काही अंशात वर चढतो आणि तुटतो.

वारंवारता काढणं सोपं आहे. एल ५ वर विषुववृत्तीय क्षेत्र म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं ३१,००० ÷ एलचा घन १२५, म्हणजे २४८ नॅनोटेस्ला. दर नॅनोटेस्लाला २८ हर्ट्झ, म्हणून गिरकीची वारंवारता ६.९ किलोहर्ट्झ. कोरसचा खालचा पट्टा तिच्या ०.१ ते ०.५ पट, म्हणजे ०.७ ते ३.५ किलोहर्ट्झ, वरचा पट्टा ०.५ ते ०.८ पट, दोन्हींच्या मधे बरोबर अर्ध्यावर फट. १ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनची स्वतःची गिरकी सापेक्षतेमुळे जवळपास तिपटीने मंदावून २.३ किलोहर्ट्झवर येते. त्याचा बलरेषेवरचा वेग आणि डॉप्लर-बदल जमेस धरला की लहरीशी अनुनाद जमतो, आणि पहिली अचल राशीच मोडते. कातळ यांच्या यंत्रणेत ती शाबूत राहते. हा खरा फरक.

आता या लहरींना ऊर्जा कुठून मिळते, ते पाहा. सबस्टॉर्म (शेपटीत साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होणं) झाला की शेपटीतून काही केईव्ही ते काहीशे केईव्हीचे इलेक्ट्रॉन आत फेकले जातात. त्यातले दहा ते काही दहा केईव्हीचे इलेक्ट्रॉन बलरेषेला आडवे जास्त आणि सरळ कमी फिरतात. हा असमतोल अस्थिर असतो. तो मोडताना कोरस उठतो. काहीशे केईव्हीचे इलेक्ट्रॉन ही बी-बियाण्याची भरणी. तोच कोरस त्यांच्यातल्या थोड्यांना उचलून एमईव्हीपर्यंत नेतो. म्हणजे लहानग्यांची ऊर्जा लहरीत जाते आणि लहरीतून मोठ्यांना मिळते. एका सबस्टॉर्मने भागत नाही. थोड्याथोड्या अंतराने ते होत राहिले, तरच लहर तेवत राहते.

निशिगंध

मग बाहेरून आत सरकणं निरुपयोगी ठरलं का? शेपटीतला इलेक्ट्रॉन निव्वळ आत सरकून कुठवर पोचतो?

अनुराधा_नक्षत्र

निरुपयोगी अजिबात नाही, त्यावाचून बियाणंच मिळत नाही. शेपटीत १ केईव्हीचा इलेक्ट्रॉन ५ नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात आहे असं धरा. एल ५ च्या २४८ नॅनोटेस्लामध्ये आला, तर क्षेत्र ५० पट. कातळ यांच्याच रीतीने हिशेब केला तर येतात सुमारे ४८ केईव्ही. म्हणजे सरकण्यातून बियाणं होतं, एमईव्ही होत नाही. पुढची मजल कोरसची. आणि कोरसने उंचवटा रचला, की अतिमंद लहरी तो दोन्ही अंगांना पसरवतात: आत जाणारे आणखी तापतात, बाहेर जाणारे थंडावतात आणि काही सीमेपार जातात.

विदा_वेचक

ज्यांना स्वतः करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी रीत देतो. सगळी विदा खुली आहे.

व्हॅन अ‍ॅलन प्रोब्सवरच्या मॅगईआयएस (दहा-वीस केईव्हीपासून काही एमईव्हीपर्यंत) आणि आरईपीटी (दीड-दोन एमईव्हीच्या वर) यांची लेव्हल-३ विदा घ्या, म्हणजे पिच कोनाप्रमाणे (कणाचा वेग आणि बलरेषा यांमधला कोन) विभागलेला फ्लक्स मिळतो. त्यांच्यावरच्याच एमफिसिस या उपकरणाकडून मोजलेलं क्षेत्र घ्या. टीएस०४ सारखं वादळी क्षेत्राचं प्रतिमान लावून दुसरी राशी आणि एल-स्टार काढा. आयआरबीईएम या सॉफ्टवेअर-लायब्ररीत ते सगळं तयार आहे. मग दुसरी राशी ठरवा. त्यावरून पिच कोन, आणि म्यू व मोजलेल्या क्षेत्रावरून ऊर्जा मिळते. त्या ऊर्जेला फ्लक्स काढा, घातांकी मोजपट्टीवर मधलं मूल्य साधून. संवेगाच्या वर्गाने भागा. झाली फेज स्पेस डेन्सिटी.

कुठे चुकतं: संवेग सापेक्षतेच्या सूत्राने न काढता साधा काढला, तर १ एमईव्हीलाच उत्तर जवळपास दुप्पट येतं. दुसरी राशी शून्याजवळ घेतली, तर बऱ्याच वेळा मोजमापच नसतं, कारण उपग्रह विषुववृत्ताच्या पातळीपासून सरकलेला असतो, ०.१ च्या आसपास (गाउसच्या वर्गमुळात, पृथ्वी-त्रिज्येत) घेणं सोयीचं. प्रतिमानाचं क्षेत्र आणि मोजलेलं क्षेत्र शेजारी शेजारी आखा. ज्या फेरीत ते फारकत घेतात, तिथला एल-स्टार धरू नका. खोटे उंचवटे सर्वांत जास्त इथेच तयार होतात. आणि आत येतानाची व बाहेर जातानाची फेरी वेगवेगळी आखा.

एक ताळा: म्यू १०० च्या आसपास घ्या. तिथे घनता बाहेर वाढत गेलेली दिसली पाहिजे, कारण ते शेपटीतून आलेलं बियाणं आहे. म्यू हजाराच्या वर नेल्यावर उंचवटा उमटतो. एकाच आलेखात दोन्ही ठेवले, की दोन टप्प्यांची गोष्ट डोळ्यांना दिसते.

कातळ

मान्य. पण एक घटना कोरसच्या चौकटीत बसत नाही, ती नोंदवायलाच हवी. २४ मार्च १९९१. सौरवाऱ्यातला जबरदस्त आघात चुंबकावरणावर आदळला, आणि त्या वेळी एल २.५ च्या आसपास असलेल्या सीआरआरईएस उपग्रहाला काही मिनिटांत १३ एमईव्हीच्या वरचे इलेक्ट्रॉन दिसले. कोरसला यासाठी तास लागतात. इथे आघाताबरोबर आत धावलेल्या विद्युत-स्पंदाने इलेक्ट्रॉनना एका प्रदक्षिणेच्या आतच आत फेकलं. तो गठ्ठा पृथ्वीभोवती फिरत पुन्हा पुन्हा उपग्रहासमोरून गेला, ती आवर्तनं नोंदीत स्वच्छ आहेत. असे आघात फार दुर्मीळ.

निशिगंध

वादळ झालं की पट्टा भरतोच का?

ध्रुवमत्स्य

नाही, आणि हा या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा आहे. १९८९ ते २००० मधली २७६ वादळं तपासली गेली. सुमारे निम्म्यांत इलेक्ट्रॉन वाढले, साधारण पाचव्या हिश्शात घटले, उरलेल्यांत फारसा फरक पडला नाही. वादळ किती मोठं यावर ते ठरत नव्हतं.

कारण वादळ दोन्ही कामं करतं. मॅग्नेटोपॉज आत दाबून बाहेरचे इलेक्ट्रॉन घालवतं. आयन-लहरी उठवून २ एमईव्हीच्या वरच्यांना वातावरणात पाडतं. शिवाय वलयप्रवाहामुळे (पृथ्वीभोवती वाहणाऱ्या कणांच्या विद्युतप्रवाहामुळे) क्षेत्र क्षीण झालं की इलेक्ट्रॉन बाहेर सरकून थंडावतात. ही घट काही अंशी आभासी असते, क्षेत्र सावरलं की भरून येते. डीएसटी (वलयप्रवाह चढला की घसरणारा वादळाचा निर्देशांक) घसरताना फ्लक्स पडला म्हणून लगेच ऱ्हास जाहीर करू नये, ते यासाठी. भरती व्हायची तर वादळ ओसरतानाही बी-झेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) अधूनमधून दक्षिणेकडे वळत राहायला हवा, म्हणजे सबस्टॉर्म चालू राहतात. सौरचक्र उतरणीला लागल्यावर येणारे वेगवान झोत हेच करतात, दर २७ दिवसांनी. डीएसटी फारसा घसरत नाही, पण इलेक्ट्रॉन भरपूर.

अनुराधा_नक्षत्र

यात प्लाझ्मापॉज, म्हणजे पृथ्वीजवळच्या प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) बाहेरची सीमा, धरायला हवा. त्याच्या आत थंड, दाट प्लाझ्मा. तिथे कोरस नाही, 'हिस' नावाची वेगळी लहर असते, आणि ती इलेक्ट्रॉन हळूहळू पाडते. बाहेर कोरस. वादळात प्लाझ्मापॉज आत सरकतो, कोरसला मोकळं रान मिळतं. नंतर तो पुन्हा बाहेर येऊन जे घडलंय त्यावर पांघरूण घालतो. सप्टेंबर २०१२ मधला तिसरा पट्टा असाच उरला: एल ३ ते ३.५ च्या अरुंद वलयात २ एमईव्हीच्या वरचे इलेक्ट्रॉन जवळपास चार आठवडे टिकले, कारण इतक्या ऊर्जेला तिथली हिस फार हळू झिजवते.

आणि घनता जितकी विरळ, तितका कोरस जोरदार तापवतो. ७ एमईव्हीपर्यंत मजल गेली ती वादळं तपासल्यावर २०२१ साली दिसलं, की त्या वेळी प्लाझ्मा विलक्षण विरळ झालेला होता, घन सेंटिमीटरला दहा कणांच्याही खाली.

दीपमाळ

उपग्रहाच्या बाजूने भर घालते. १ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे २ मिमी शिरतो, २ एमईव्हीचा सुमारे साडेचार. म्हणून पेटीची भिंत अडीच मिमीची असेल, तर काहीशे केईव्हीवाले भिंतीतच अडतात आणि २ एमईव्हीवाले आतल्या केबलच्या आवरणात, सर्किट बोर्डात जाऊन बसतात. विद्युतरोधकात साठलेला भार निचरला नाही तर आतच ठिणगी पडते. ढोबळ मर्यादा अशी: आतल्या भागावर दहा तासांत दर चौरस सेंटिमीटरला १० चा दहावा घात इतके इलेक्ट्रॉन पडले, की धोका सुरू.

२० जानेवारी १९९४ ला कॅनडाचे अनिक ई-१ आणि ई-२ असेच एकापाठोपाठ भरकटले. आधी कित्येक दिवस भूस्थिर कक्षेत एमईव्ही इलेक्ट्रॉन चढे होते, मोठं वादळ नव्हतं. ध्रुवमत्स्य म्हणतात तेच. म्हणून फक्त डीएसटीकडे पाहून कारभार करू नये. भूस्थिर कक्षेतल्या अमेरिकी गोज उपग्रहावरचा २ एमईव्हीच्या वरचा फ्लक्स १००० च्या पुढे गेला की इशारा दिला जातो, आणि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो किती दिवस चढा राहिला हे बघायचं.

ते बियाणंही निरुपद्रवी नाही. काही दहा केईव्हीचे इलेक्ट्रॉन आत शिरत नाहीत, पण पृष्ठभागावर भार चढवतात. तो धोका मध्यरात्र ते सकाळ या बाजूला जास्त, कारण सबस्टॉर्मनंतर इलेक्ट्रॉन पूर्वेकडे वाहतात. कोरसही त्याच बाजूला.

निशिगंध

आदित्य-एल१ मधला एल१ आणि इथला एल एकच का? आणि आपल्याकडच्या नोंदी यात वापरता येतील?

ध्रुवमत्स्य

एकच नाही. तिथला एल१ म्हणजे लाग्रांज बिंदू, पृथ्वीपासून सूर्याकडे सुमारे १५ लाख किमी. जानेवारी २०२४ पासून आदित्य तिथल्या कक्षेत आहे, आणि त्यावरची अ‍ॅस्पेक्स व पापा ही उपकरणं सौरवारा मोजतात. पट्ट्याच्या दृष्टीने तो येणाऱ्या वाऱ्याची खबर देतो. सेकंदाला ५०० किमीने येणाऱ्या वाऱ्याला तिथून इथवर ५० मिनिटं लागतात.

अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून भूचुंबकीय नोंदी आहेत, त्याआधी त्या कुलाब्याला व्हायच्या. विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळा हलवली. तिथला क्षैतिज घटक खाली गेला की वलयप्रवाह चढलाय हे कळतं. पण इतक्या कमी अक्षांशावरून इलेक्ट्रॉनबद्दल थेट काही कळणार नाही. त्यासाठी सबस्टॉर्मचा एई निर्देशांक शेजारी ठेवा, आणि वादळानंतरचे दोन-तीन दिवस तो चढा राहतोय का ते बघा.